चिनी मातीची भांडी आणि घरातल्या नाजूक वस्तू कशा जपून ठेवाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवार पेठेत आमचं क्रोकरीचं दुकान आहे. सेट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं ते बहुतेक वेळा पिशवीत एक कप आणि त्याचा निखळलेला कान घेऊन. "याच्या जोडीचा एक सुटा मिळेल का?" सहसा मिळत नाही, डिझाइन कधीच बंद झालेलं असतं. मग आम्ही विचारतो, फुटला कसा? इतक्या वर्षांत ऐकलेल्या उत्तरांत "पाहुण्यांच्या हातून पडला" हे फार थोड्यांदा आलं. "माळ्यावरून काढताना", "ट्रॉली जोरात लावली", "घर बदलताना", "किती वर्षांनी खोका उघडला तर आत तुकडेच", अशीच यादी असते. भांडं वापरात कमी फुटतं, ठेवण्यात जास्त फुटतं. काउंटरवर सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमच्याकडे बोन चायना आहे की साधी चिनी माती, कसं ओळखायचं?

बशी उजेडासमोर धरा आणि मागे हाताची बोटं हलवा. बोटांची सावली आरपार दिसली आणि रंग दुधावर साय आल्यासारखा किंचित पिवळसर पांढरा असला, तर बहुधा बोन चायना. सावली दिसते पण पांढरा रंग निळसर, थंड वाटतो, तर पोर्सेलिन. उजेड अडतो, भांडं जाड आणि जड आहे, तर स्टोनवेअर. या तिघांच्याही बुडाला सहसा एक खरखरीत कडं असतं, तिथे झिलई नसते. बूडसुद्धा काचेसारखं गुळगुळीत असेल तर ती ओपल, म्हणजे पांढरी काचच. लग्नात आहेर म्हणून येणारे पांढरे फुलाफुलांचे डिनर सेट बहुतेक याच जातीचे.

हा भेद ठेवताना उपयोगी पडतो. बोन चायना दिसते त्यापेक्षा बरीच दणकट असते, तिचं दुखणं काठाला, तिथला टवका पटकन उडतो. ओपल ताव दिलेली असल्याने लहानसहान धक्के पचवते, पण फुटली की एका क्षणात तिचा चुरा होतो आणि काचा खोलीभर जातात. स्टोनवेअरला स्वतःला फारसं काही होत नाही, ते शेजारच्याला फोडतं.

बोन चायनात खरंच हाडं असतात का?

शाकाहारी घरातली मंडळी हा प्रश्न आवाज खाली आणून विचारतात. हो. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये स्पोडच्या कारखान्यात जी कृती पक्की झाली, तिच्यात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते आणि बाकी चिनी माती व दगडाची पूड. भट्टी बाराशे अंशांच्या पुढे जाते, त्यामुळे मागे उरतं ते खनिजच. तरी मनाला पटत नसेल तर पोर्सेलिन किंवा ओपल घ्या. स्पष्ट नाही म्हणता येत नाही म्हणून नको असलेला सेट घरी नेऊन वर्षानुवर्षं कपाटात कोंडून ठेवू नका.

बशा एकावर एक किती रचायच्या?

जेवणाच्या मोठ्या ताटल्या सहा, फार तर आठ. छोट्या बशा दहापर्यंत चालतात. वजनापेक्षा इथे घासण्याचा प्रश्न मोठा आहे. वरच्या बशीचं खरखरीत कडं खालच्या बशीच्या नक्षीवर बसतं, आणि ओढून काढताना कानसासारखं फिरतं. सोनेरी फुलावर गोल ओरखडे दिसले की समजा, बशी उचलून काढली नव्हती, सरकवून काढली होती.

मध्ये काहीतरी घाला. बाजारात गोल फेल्टचे तुकडे मिळतात, पण जुन्या सुती धोतराचे किंवा चादरीचे चौकोन कापले तरी काम तेच होतं. टिश्यू पेपरही चालतो. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मुलीच्या वह्यांचे कोरे कागद कापून घातले होते, बारा वर्षांनंतरही सेट नवा होता.

मापाप्रमाणे रचा. मोठ्या खाली, लहान वर. आणि एक मोठी, एक छोटी, परत एक मोठी असला मनोरा नको. खोलगट बाऊल चारापेक्षा जास्त एकात एक बसवू नका, ते पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात.

कप कानाला अडकवून टांगले तर?

दिसायला छान दिसतं, म्हणून हॉटेलवाले टांगतात. त्यांचे कप जाड असतात. बोन चायनाच्या कपाचा कान वेगळा घडवून नंतर चिकटवलेला असतो, म्हणजे सांधा तोच सर्वांत कमजोर. रोज वापरायचे दोन-चार टांगा, सणासुदीचा सेट टांगू नका. कपात कप घालून ठेवणंही नको. आतला कप बाहेरच्याच्या काठावर सगळा भार देतो, आणि एक काढायला गेलं की दुसरा सोबत येतो. कप सरळ, बुडावर उभे ठेवा. धूळ बसते म्हणून उपडे घालायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण काठ हा भांड्याचा सर्वांत बारीक भाग आहे, त्यावर उभं करणं म्हणजे माणसाला चवड्यांवर उभं करण्यासारखं. वरून एक स्वच्छ पंचा टाकला की धुळीचा प्रश्न मिटतो.

कुठे ठेवायचं? ट्रॉली, कपाट की माळा?

कपाट, आणि तेही छातीच्या उंचीला. स्टुलावर चढून, मान वर करून, दोन्ही हातांनी न दिसणारी वस्तू चाचपत काढायची असेल तर ती कधी ना कधी पडणारच. माळ्यावर आणखी एक भानगड असते. उन्हाळ्यात स्लॅबखाली ऊन तापतं, पावसाळ्यात तिथेच ओल येते, आणि खोक्यांचा पुठ्ठा झुरळांना फार आवडतो.

किचन ट्रॉलीत काचसामान ठेवायचं असेल तर खालच्या खणात, आणि हळू मिटणारी पट्टी बसवलेली असेल तरच. खणात रबरी जाळीची चटई अंथरा, भांडी सरकत नाहीत. तारेच्या ट्रॉलीत बशा उभ्या लावायच्या असतील तर तारांवर प्लॅस्टिकचा थर शाबूत आहे का ते पाहा. तो निघाला की उघडी तार काठ कातरते.

रद्दीत गुंडाळून ठेवलं तर काय बिघडतं?

चार दिवसांच्या प्रवासाला चालतं, चार वर्षांच्या मुक्कामाला नाही. छापील शाई पांढऱ्या भांड्याला लागते, आणि झिलईला सूक्ष्म भेगा असतील तर आत जाऊन बसते. दमट हवेत कागद ओल धरतो आणि पिवळा पडतो. शिवाय तो आम्लधर्मी असतो, सोनेरी-चंदेरी नक्षीला त्याची संगत चांगली नाही. बटर पेपर किंवा मलमल घ्या, आणि रद्दी हवीच असेल तर ती बाहेरून.

बबल रॅपचंही तेच. महिनोन्महिने गुंडाळून ठेवलं, त्यात माळ्यावरची उष्णता मिळाली, तर फुग्यांचे गोल डाग भांड्यावर, विशेषतः रंगवलेल्या वस्तूवर उमटतात. आधी कागद, मग बबल.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

चिनी मातीला ओलीने फारसं काही होत नाही, तिच्याभोवतीच्या वस्तूंना होतं. खोका भिजून खचतो, मखमली डब्यातल्या अस्तराला बुरशी येते, आणि त्याचा कुबट वास बशीला लागतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रणच, आणि मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर रोजच तेवढी असते.

भांडी मेच्या अखेरीस एकदा काढून, कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून पुन्हा लावा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या ओल पिऊन तृप्त झाल्या की निरुपयोगी होतात हे लोक विसरतात. रंग बदलणारे दाणे घेतले तर कळतं, आणि ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवले की ते पुन्हा कामाला लागतात. निळे दाणे मात्र टाळा, त्यांच्यात कोबाल्टचा क्षार असतो, जेवणाच्या भांड्यांजवळ तो नको. नारिंगी मिळतात. डांबरगोळ्या क्रोकरीच्या कपाटात कधीच ठेवू नका. पुठ्ठा आणि लाकूड तो वास धरतात, आणि दिवाळीच्या फराळाला डांबराची चव येते.

काचेला मात्र ओल लागते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. साध्या काचेचे पेले कागदात गुंडाळून दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांच्यावर पांढुरकी धुंदी चढते. ओल काचेतला सोडा बाहेर ओढते. सुरुवातीची धुंदी व्हिनेगरने जाते, खोल गेलेली जात नाही. रत्नागिरीच्या एका बाईंनी आजोबांच्या वेळचे सरबताचे बारा पेले आणले होते, आम्ही तीनच वाचवू शकलो.

पेले एकात एक अडकले तर काय करायचं?

ओढू नका, आपटू तर नकाच. आतल्या पेल्यात नळाचं गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. आतला किंचित आकसतो, बाहेरचा किंचित फुगतो, आणि दोन मिनिटांत सुटतो. पाणी कोमट हवं, उकळतं नको. बर्फ आणि उकळतं पाणी अशी जोडी लावली तर दोन्ही जातील.

त्याच कारणाने फ्रिजमधून काढलेल्या पेल्यात लगेच चहा ओतू नये. काच उष्णता सावकाश वाहून नेते, त्यामुळे आतली बाजू फुगते आणि बाहेरची तशीच राहते. जाड पेला जास्त सुरक्षित वाटतो, पण या बाबतीत जाडच आधी तडकतो. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तिची भांडी टिकतात. तरी तिलाही ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवू नये.

आजीची लोणच्याची बरणी आहे. वापरावी की शोभेला ठेवावी?

हा माझा आवडता प्रश्न. खाली पांढरी, खांद्यापासून वर तपकिरी, झाकणाला गोल गाठ, अशी बरणी अजून कित्येक घरांत आहे, आणि नवी घ्यायला आमच्याकडे येणारेही कमी नाहीत. आमच्या लहानपणी उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून हा माल पेंढ्यात यायचा. बाबा खोका फोडून एकेक बरणी बाहेर काढायचे, बुडाशी तळहात धरून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अंगावर ठोकायचे आणि कान लावायचे. खणखणीत आवाज आला की उजवीकडे, बद्द आला की डावीकडे. डावीकडची बरणी डोळ्यांना धडधाकट दिसायची. बाबा तिच्यात पाणी भरून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी बाहेरून ओलसर रेघ दाखवायचे.

तुम्हीही तेच करा. आवाज खणखणीत असेल, आतली झिलई गुळगुळीत असेल, तर बिनदिक्कत वापरा. आत केसासारख्या भेगांचं जाळं दिसत असेल किंवा बाहेरून पांढरी भुकटी फुटत असेल, तर थांबा. ती भुकटी म्हणजे मीठ. भेगांतून झिरपलेल्या मिठाचे खडे आत वाढतात आणि झिलईचे पापुद्रे उडवतात. अशी बरणी शोभेला. आंबट आणि खारट पदार्थ भेगाळलेल्या जुन्या झिलईत महिनोन्महिने ठेवणं बरं नाही, कारण जुन्या रंगीत झिलयांत शिसंही असायचं.

रिकामी ठेवायची असेल तर गरम पाण्याने धुवून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. तेलाचा वास जात नसेल तर हिंगाची धुरी द्या, पण निखाऱ्यावर बरणी टेकवू नका, वर धरा. नंतर झाकण घट्ट लावू नका. तोंडाला दादरा बांधा आणि झाकण वेगळं कागदात गुंडाळून शेजारी ठेवा. बरणी शाबूत आणि झाकण फुटलेलं, अशी गिऱ्हाइकं आमच्याकडे आठवड्याला एक तरी येतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा कडाप्प्यावर ठेवताना खाली कापडाची चुंबळ घाला. आजी घालायची ती उगाच नाही.

सोनेरी काठाची भांडी कशी धुवायची?

हाताने, मऊ स्पंजने, साध्या साबणाने, लगेच. काथ्या, तारेची घासणी, राख, तांब्या-पितळेची पावडर, ब्लीच, सगळं वर्ज्य. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात आणि सोनं काळवंडतं. चहाचे डाग खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट बोटाने चोळून काढा, काठ सोडून. बशीवर करड्या रेघा दिसतात त्या बहुतेक वेळा चिरा नसतात, स्टीलच्या चमच्याचा धातू झिलईवर घासून राहिलेला असतो. त्याही सोड्याने जातात.

चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी काळी पडते ती का?

हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. चांदीवर चांदीच्या सल्फाइडचा थर बसतो. म्हणून लोकरी कापड, रबर आणि रबरबँड तिच्या आसपास नकोत. चमचे रबरबँडने बांधून ठेवले की बरोबर त्या पट्ट्यात काळी रेघ पडते, धुतली तरी सहज निघत नाही. मलमलीत गुंडाळा, मग साध्या पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून ठेवा, सोबत एक-दोन खडू ओल शोषायला.

काळी पडलीच तर पातेल्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर चांदी, वर गरम पाणी आणि खाण्याचा सोडा. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी उजळते, घासून झिजवावी लागत नाही. खडे बसवलेल्या, पोकळ किंवा मुद्दाम काळ्या नक्षीच्या वस्तूंना मात्र हा उपाय करू नका. गुलाबदाणीचा गळा बारीक असतो, ती आडवी टाकून तिच्यावर ताम्हन ठेवलं की वाकलीच. उभी ठेवा, किंवा दोन भागांत सुटत असेल तर सोडवून.

गौरींचे मुखवटे पुढच्या वर्षापर्यंत कसे ठेवायचे?

पितळी असतील तर पुसून, कोरडे करून कापडात. शाडूचे किंवा प्लास्टरचे असतील तर जास्त जपावं लागतं, आणि गौरी नेमक्या भर पावसाळ्यात येतात-जातात. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी घाईने डब्यात घालू नका. चार-पाच दिवस सावलीत, हवेशीर ठेवा. हळद-कुंकू, फुलांचे कण मऊ कोरड्या ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका, रंग उठतो. नाक आणि कान हे पहिले टेकणारे भाग, म्हणून मुखवटा कधीही पालथा ठेवायचा नाही. जुन्या सुती साडीची मोठी चुंबळ करून त्यात मागची बाजू बसवा, चेहरा वर, त्यावर मलमल सैलसर. प्लॅस्टिक थेट चेहऱ्याला लावलं तर दमट हवेत रंग त्याला चिकटतो. दोघींना एका डब्यात ठेवायचं असेल तर मध्ये पुठ्ठ्याची भिंत हवी. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी एकत्र ठेवल्या होत्या, आणि एका वर्षी धाकटीच्या गालावर थोरलीच्या नथीचा ओरखडा निघाला. आईने त्यावर हळदीचं बोट लावलं आणि पूजा पार पाडली, पण ओरखडा अजून आहे.

पैठणी आणि बाळाचं कुंची-झबलं?

खरं तर हे साडीवाल्यांचं खातं, पण लोक विचारतात. पैठणी मलमलीत, प्लॅस्टिकमध्ये नाही. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवर मोडते. हँगरला टांगू नका. आणि तान्ह्या बाळाला घालायच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या संपर्काने फुटू शकतात आणि कावीळ होते. कुंची आधी धुवून, उन्हात वाळवून मगच बाळाला घाला.

शोकेसमध्ये ठेवलं तर सुरक्षित का?

शोकेस भिंतीला स्क्रूने पक्की असेल तर. कोयनेचा भूकंप १९६७ मधला आणि किल्लारीचा १९९३ मधला. कोयना परिसरात अजूनही अधूनमधून हादरे बसतात. कराड-पाटणकडच्या गिऱ्हाइकांना आम्ही आवर्जून सांगतो की फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोका. भूकंप नाही आला तरी मांजर येतंच. काचेच्या फळीवर जड वस्तू मधोमध न ठेवता आधाराजवळ ठेवा. आतले दिवे पिवळे गरम होणारे असतील तर बदलून एलईडी लावा.

बशा भिंतीवर लावायच्या आहेत.

गोव्यातल्या जुन्या घरांत हे फार देखणं दिसतं. मकावमार्गे पोर्तुगीज जहाजांतून चिनी पोर्सेलिन तिकडे यायचं, आणि चांदोरच्या ब्रागांझा वाड्यात ते आजही पाहायला मिळतं. तुमची बशी साधी असो की वारशाची, स्प्रिंगची तारेची फ्रेम वापरायची तर आकड्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवा, आणि फ्रेम बशीच्या मापापेक्षा तंग नको. ताणलेली स्प्रिंग दिवसरात्र काठ खेचत राहते. मागे केसासारखी चीर आहे अशी बशी टांगू नका, ती स्टँडवर ठेवा.

घर बदलतोय. पॅकिंग कसं करू?

इथे थोडा वेळ देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

खोका पाच पदरी घ्या, दुकानदार त्याला फाइव्ह प्लाय म्हणतात. आकाराने लहान. भरल्यावर दहा-बारा किलोंच्या वर गेला तर हमाल तो उचलत नाही, ढकलतो. तळाला चुरगळलेल्या कागदाचा दोन-तीन इंचांचा थर. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला.

बशा उभ्या भरा, ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या. लोकांना हे उलट वाटतं. आडव्या रचल्या तर टेम्पो खड्ड्यात आदळला की सगळ्यांचा भार सर्वांत खालच्या बशीच्या पोटावर येतो. उभी बशी तोच धक्का काठाच्या दिशेने घेते, आणि त्या दिशेने ती कितीतरी ताठ असते. बशांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. कप आणि पेले उभे, वरच्या थरात, पोटात चुरगळलेला कागद भरून. कानाभोवती कागदाची वेगळी वळी. उरलेल्या प्रत्येक पोकळीत कागद, पंचे, मोजे, काहीही. मग खोका बंद करून हळूच हलवा. आत खुळखुळलं तर उघडा आणि पुन्हा भरा.

"काच" हे वर न लिहिता चारही बाजूंना लिहा. वर लिहिलेलं दुसरा खोका ठेवला की झाकतं.

आमची स्वतःची फजिती सांगतो. सदाशिव पेठेतून कोथरूडला आलो तेव्हा चोवीस बशा, अठरा कप एकही ओरखडा न येता पोचले. सगळ्या पेठेत सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी किटली उघडली तर तिची तोटी आतून फुटलेली. बायकोने विचारलं, झाकण कुठे आहे? झाकण मी किटलीतच ठेवलं होतं, "हरवायला नको" म्हणून. संपूर्ण प्रवास ते आतल्या आत आपटत आलं होतं. तेव्हापासून झाकणं, मग ती किटलीची असोत, साखरदाणीची असोत की बरणीची, वेगळी गुंडाळायची आणि भांड्याला बाहेरून चिकटपट्टीने लावायची. चिकटपट्टी कागदावर, भांड्यावर नाही.

पॅकर्स लावणार असाल तर आधी प्रत्येक नगाचे फोटो काढा आणि सामान उतरवताना सही करण्याआधी काचेचे खोके हलवून पाहा. विम्यात मालकाने स्वतः भरलेले खोके धरतात की नाही हे लेखी विचारा. बरेचदा धरत नाहीत.

मुलगी परदेशात आहे, तिला बरणी न्यायची आहे.

हातातल्या बॅगेत न्या. वजन आधी मोजा, बऱ्याच विमान कंपन्यांत सात किलोंची मर्यादा असते आणि एक किलो लोणचं मावणारी बरणी रिकामीच दीड-दोन किलोची भरू शकते. बरणीच्या पोटात कपडे भरा, रिकामी पोकळी नको. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत चालणार नाही, ते वेगळं, सामानात.

फुटलेलं चिकटवता येतं का?

शोभेच्या वस्तूसाठी हो, दोन भाग मिसळून तयार होणाऱ्या इपॉक्सीने. झटपट चिकटणारा गोंद गरम पाण्याने सुटतो, शिवाय चुकीचं बसलं तर सरळ करायला वेळ मिळत नाही. चिकटवण्याआधी तुकडे नुसते एकत्र जुळवून क्रम ठरवा, नाहीतर शेवटचा तुकडा बसतच नाही. चिकटवलेल्या कपातून चहा पिऊ नका, कानावर तर विश्वास ठेवूच नका. गरम चहासकट सुटला तर भाजतं.

फुटकं भांडं घरात ठेवू नये असं वडीलधारे म्हणतात. शकुन-अपशकुन मला ठाऊक नाही, पण टवका उडालेल्या कपाने ओठ कापतो आणि तडा गेलेला पेला हातात फुटतो, एवढं ठाऊक आहे. रोजच्या वापरातून काढा. पेन ठेवायला किंवा कुंडीत तुळशीच्या बुडाशी चालतो.

काचा पडल्या तर कशा भरायच्या, आणि टाकायच्या कुठे?

आधी पायात चपला, मुलं आणि मांजर बाहेर. मोठे तुकडे हातमोजा घालून किंवा जाड फडक्याने उचला. बारीक चुरा केरसुणीने ओढू नका, त्यात अडकलेले कण पुढचे आठ दिवस घरभर फिरतात. कणकेचा ओला गोळा घेऊन फरशीवर हलके दाबत जा, कण त्यात रुततात. मग खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च फरशीलगत आडवा धरा, राहिलेली काच चमकते. कोपऱ्यापर्यंत पाहा, ओपलचे कण दहा फुटांवरही मिळतात. तो गोळा आणि फडकं दोन्ही टाकून द्यायची.

तुकडे पिशवीत सुटे टाकू नका. आमच्या गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंचा तळहात अशाच एका पिशवीने फाटला होता, चार टाके पडले. तेव्हापासून दुकानात फुटलेला माल आम्ही रिकाम्या खोक्यात भरतो, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावतो, वर मार्करने मोठ्या अक्षरात "काच" लिहितो आणि त्यांच्या हातात सांगून देतो.